आज आबांना नदीत आडवलं

मंडळी, नेटकॅफेतनं घाईत लिवतोय, चुका सांभाळून घ्या.

आज घरगुती गणपतींचं विसर्जन हुतं. मूर्तीच्या रंगानं नदीतलं मासं मरत्यात, म्हणून आमच्या गुऱ्हाळातली काहिल, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, पाणी भरून घाटावर ठेवलीती. शाळंतली चौथीची पोरं "मूर्ती हितं सोडा की ओ" म्हणून वरडत हुती. त्यास्नी माशांचं मीच सांगितलंतं. पण मी आठवीत शाळा सोडल्याला, मोठ्या माणसांम्होरं तोंड उघडत न्हाय. मागं गप उभा हुतो.

तेवढ्यात आमचं आबाच घरचा गणपती घेऊन सरळ गुडघाभर पाण्यात गेलं. सगळी पोरं माझ्याकडं बघाय लागली.

"आबा, काहिलीत सोडा की," मी कसंबसं म्हटलं.

"काहिलीत गूळ शिजतोय, देव न्हाय! तू मला शिकवणार व्हय रं?"

 तरी मी बोललो, "आबा, जाळ घालायच्या आधी तुमीच रोज काहिलीच्या पाया पडताय की."

 आबा मूर्ती घेऊन तसंच मागं फिरलं. वर आलं, मूर्ती घाटावर टेकवून काहिलीला हात जोडलं आणि मूर्ती अलगद आत सोडली. माझ्याकडं बघितलं बी न्हाय.

मी अजून नेटकॅफेतच हाय. घरला जाऊन आबांशी पयलं काय बोलू, सांगा की.