डॉक्युमेंटेशन वाचतं कोण?

मंडळी, पेणला आमच्या सुनंदावहिनींचा गणपतीचा कारखाना आहे. ऑर्डरचे फोटो डिस्कवर कॉपी करून कॉम्प्युटरवरून पुसणारा प्रोग्राम मी त्यांना करून दिला. त्यात कमांड चालवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, रोह्याच्या निलेशची. तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, एक कमांड फसली की पुढची चालणार नाही.

आज डिस्क लावायची राहिली. कॉपी फसली, पुसणं मात्र झकास झालं.

"कोणाला कशी मूर्ती हवी, आता मी काय सपनात बघू?" वहिनी कडाडल्या.

निलेशला फोन लावला. "दादा, ते कधीच बदललंय, फक्त लिहिलं नाही. डॉक्युमेंटेशन वाचतं कोण?"

मी म्हटलं, ये आणि वहिनींना तोंड दाखव. पत्ता पाठवला, कारखाना हलण्याआधीचा.

निलेश दुपारपासून उन्हात फिरतोय. वहिनी म्हणतात, "फिरू दे."

तुम्हीच सांगा, बदललेला पत्ता लिहितं कोण?