पदरातली किल्ली

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन सकाळी झालं आणि दुपारी घरी सोडलंसुद्धा. पूर्वी दोन रात्री राहावं लागे. दवाखान्याने मधलं ताटकळणं शोधून शोधून काढून टाकलं आहे. मला असं नेटकं काम आवडतं.

शेजारच्या खाटेवरच्या आजी मात्र चादर, तांब्या घेऊन मुक्कामालाच आल्या होत्या.

"आजी, निघा आता. डोळ्यात थेंब घालायला घरी आहे ना कोणी?" सिस्टरने विचारलं.

"अगं, भरलं घर आहे माझं!"

सिस्टर वळताच आजींनी पदराची गाठ सोडून कुलपाची किल्ली चाचपली. भरल्या घराला कुलूप कोण लावतं?

काढून टाकलेल्या त्या रात्रींत कोणीतरी "दुखतंय का?" विचारायला येत असे. आज आजी एका डोळ्याने कुलूप उघडतील आणि आतून कडी लावून घेतील.