नाझिफेची हिरवी किनार

नाझिफे सुरी चालवायची तेव्हा हंसाला ओरडायलाही सवड मिळत नसे. पंख डाव्या काखेत दाबायचे, मान मागे ओढायची, ‘बिस्मिल्ला’ म्हणायचं, की बर्फावर लाल पिचकारी. मग दुसरा. कार्स शहराच्या आसपासच्या पाच गावांत तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. पहिला बर्फ पडला की पाचही गावांतून निरोप येत. आज या घरचे पाळलेले हंस सगळ्या बायांनी मिळून कापायचे, सोलायचे, मिठात घालायचे. उद्या त्या घरचे.

सुरीच्या खालोखाल तिचं नाव होतं ते हातमोज्यांसाठी. पिसं उपटायची तर बोटांची टोकं उघडी लागतात, नाहीतर बारीक लव चिमटीत सापडत नाही; आणि तळहात उघडा राहिला तर दुपारपर्यंत त्याचं लाकूड होतं. म्हणून बिनबोटांचे मोजे. नाझिफेचे अगदी साधे. क्रोशाच्या सुईने तीसेक साखळ्या घालायच्या, त्यांवर खांबांच्या ओळीमागून ओळी, हाताभोवती पुरेल एवढी पट्टी झाली की कडेला कड जोडायची आणि मध्ये आंगठ्यापुरती फट सोडायची. कुणी कौतुक केलं की ती म्हणे, “यात कसली गं कला! आंगठ्याला वाट ठेवली तर मोजा, नाही ठेवली तर पिशवी.”

तिच्या उजव्या तळहातावर एक गोल वण होता. रुस्तमने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सूप खारट झालं म्हणून तिच्याच हातातली क्रोशाची सुई हिसकावून तिच्याच तळहातात आरपार घातली होती. तिने हात फडक्यात बांधला आणि संध्याकाळी तीच ओळ पुरी केली. “अर्धी सोडली तर उसवते ना,” असं ती शेजारणींना हसत सांगायची. शेजारणीही हसायच्या. त्यांच्याही अंगावर काही ना काही होतंच.

त्या गावांत सुनेने तोंड उघडायचं नसतं. किनार बोलते. डोईच्या रुमालाला विणलेल्या लाल मिरच्यांची किनार लावली, की नवऱ्याशी जमत नाही, घरात आग आहे. हिरवळ लावली, की सगळं आलबेल, शांत राहा. सुई खाल्ली त्या वर्षी नाझिफेने आईला मिरच्यांचा रुमाल पाठवला होता. महिन्याने आईकडून हिरवळीचा रुमाल आला. नाझिफे समजायचं ते समजली आणि राहिली. सव्वीस वर्षं राहिली. दोन बरगड्या, एक दात आणि पोटातलं एक मूल एवढं त्या घरात ठेवून राहिली. शेवटी रुस्तमला त्याच्याच घोड्याने लाथ घातली. मातीच्या जेवणाला ती सगळ्यांदेखत म्हणाली, “गावाला सव्वीस वर्षांत जमलं नाही, ते जनावराने एका लाथेत केलं.”

तिची लेक पेरिहान शेजारच्या गावात दिलेली, इद्रिसच्या घरी. लग्नाला दोन वर्षं झाली होती. थंडीच्या आधी पेरिहानचा रुमाल आला. चारी बाजूंनी लाल मिरच्या, एकीला एक चिकटून, श्वास घ्यायला जागा नाही. नाझिफेने तो उजेडात धरला, घडी केला, आणि लेकीसाठी मोजे विणायला घेतले. मनगटाशी पोचली तेव्हा हात आपोआप हिरव्या लोकरीकडे गेला. ती निष्ठुर नव्हती. तिला दुसरं उत्तर कुणी शिकवलंच नव्हतं.

आज इद्रिसच्या घरची पाळी होती. बत्तीस हंस.

सकाळी नाझिफे अंगणात शिरली तेव्हा पेरिहान हाताचं चुंबन घ्यायला पुढे आली नाही. गोठ्याच्या भिंतीशी पाठ वळवून बसून राहिली. विहीणबाई सेव्हेर मात्र पुढे आली. “या, विहीणबाई! तुमची लेक लाजते बघा अजून.” नाझिफेने बाह्या सारल्या आणि कापायला सुरुवात केली. गोवऱ्यांच्या चुलीवर हंडा उकळत होता, ठोकळ्यावर कोयत्याने हंसांचे पाय तुटत होते, बर्फाचा लाल चिखल झाला होता आणि बाया गप्पा मारत उपटत होत्या.

“नाझिफे,” हामियेने हाक मारली. हामियेच्या जिभेला पाच गावं भीत. “तुझी लेक एका हाताने सोलतेय गं! दुसरा काय माहेरी विसरून आली?”

बाया हसल्या. नाझिफेने सुरी पुसली आणि भिंतीकडे गेली. मोजे तिचेच होते, हिरव्या किनारीचे. पण डाव्या मोज्याची आंगठ्याची फट मुक्या खांबांनी घट्ट विणून बुजवली होती.

“आंगठा कुठाय?”

“आत.”

“दाखव.”

“हंस राहिलेत. जा तू.”

नाझिफेने मनगट धरलं तशी पेरिहान कळवळली. मोजा वर सरकवला. आंगठा वांग्यासारखा, काळानिळा, भलत्याच बाजूला वळलेला.

“कधी?”

“परवा.”

“कशाने?”

“दारात सापडला.”

“दाराला हात असतात?”

पेरिहानने पहिल्यांदा वर पाहिलं. “मी मिरच्या पाठवल्या होत्या. तू हिरवळ पाठवलीस.”

“मला वाटलं, शांत राहशील तर...”

“मलाही वाटलं. मला वाटलं, आई म्हणतेय, तिथेच मर.”

नाझिफेने हे म्हटलं नव्हतं. आणि तिने हेच म्हटलं होतं.

तेवढ्यात फाटक आदळलं. इद्रिस आत आला, बूट आपटत. “दुपार झाली! व्यापारी गाडी घेऊन उभाय आणि निम्मे हंस अजून कपडे घालून बसलेत!” त्याची नजर बायकोवर गेली. “आणि ही राणी आईशी गप्पा ठोकतेय.”

त्याने ढिगातला एक हंस मानेला धरून उचलला आणि सोट्यासारखा फिरवला. सहा किलोंचं धूड पेरिहानच्या तोंडावर बसलं. ती पिसांच्या ढिगात आडवी झाली, पिसं उडाली, अंगणभर उडाली. त्याने पुन्हा हाणला. पुन्हा. हंसाची मान तुटून त्याच्या हातात राहिली, तेव्हा त्याने लाथ घातली.

“नवरा-बायकोचं आहे, बायांनो,” सेव्हेर म्हणाली. “हात चालू ठेवा.”

आणि हात चालू राहिले. नाझिफेला तेच दिसलं. तिच्या मोज्यांतले वीस हात, बोटांची टोकं लाल, उपटताहेत, उपटताहेत. सव्वीस वर्षं तेही असेच चालू होते.

ती धावून गेली. इद्रिसची लाथ उचललेलीच होती. तिने त्याला मागून काखेत हात घालून ओढलं. ओल्या बर्फावरून पाय सटकून तो ठोकळ्याशी गुडघ्यांवर आला. तिने त्याचा हात ठोकळ्यावर दाबला, मनगटावर गुडघा रोवला, कोयता उलटा धरला आणि बोथट बाजूने आंगठ्यावर घाव घातला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

इद्रिस असा ओरडला की खुराड्यातले उरलेले हंस बोंबलायला लागले.

“अगं, वेडी झालीस का?” सेव्हेर किंचाळली. “नवरा-बायकोचं आहे!”

“होतं. आता सासू-जावयाचं आहे.”

इद्रिसने दुसऱ्या हाताने तिचे केस धरले आणि तिचं डोकं ठोकळ्यावर आपटलं. एकदा. दोनदा. तिच्या तोंडात रक्त भरलं, एक दात जिभेवर आला. तिसऱ्यांदा आपटणार तोच हामियेचा आवाज आला, अगदी गोड.

“इद्रिस बाळा, पाणी उकळलंय हं.”

हामिये हंड्याचा एक कान धरून उभी होती. दुसरा कान तिच्या सुनेने धरला होता. मग एकेक करून साऱ्या उठल्या, मांडीवरचे अर्धे सोललेले हंस खाली टाकून. कुणाच्या हातात सुरी, कुणाच्या हातात नुसतीच पिसं.

इद्रिसने केस सोडले. “पोलीस आणतो! एकेकीला आत घालतो!” म्हणत, आंगठा पोटाशी धरून, तो फाटकाबाहेर पळाला. सेव्हेर त्याच्यामागे धावली. धावता धावता ओरडली, “आणि माझे हंस कोण सोलणार?”

“तूच सोल की,” हामिये म्हणाली. “हात चालू ठेव.”

नाझिफेने दात बर्फावर थुंकला. पेरिहानला उठवलं. लेकीचा एक डोळा मिटत चालला होता.

“चल घरी.”

“नाही.”

“अगं, हे काय घर आहे?”

“हे नाहीच. पण तुझ्याही घरी नाही. चार जण समेटाला येऊन बसतील, तू चहा ठेवशील, साखर देशील आणि मला परत पाठवशील.”

“नाही पाठवणार.”

“आज म्हणतेस.”

नाझिफेने शपथ घ्यावी, तर आधीचं उत्तर तिने न बोलताच दिलं होतं, आणि लेकीने ते शपथेइतकंच खरं मानलं होतं.

हामियेने बोलावल्यावर तिचा पुतण्या मिनीबस घेऊन फाटकाशी आला. पेरिहान कपडे, दागिने काही न घेता चढली. मागे नाझिफे पायरीशी थांबली.

“दवाखान्यापर्यंत ये,” पेरिहान आतून म्हणाली. “मग पोलीस चौकीत. पाहिलंस ते सांग. त्यापुढे मी आणि कार्समधली बायांना आधार देणारी संस्था. तिचा नंबर शाळेतल्या बाईंनी दिलाय मला.”

“मी त्याचा आंगठा मोडलाय. तेही सांगू?”

“तेही सांग.”

नाझिफे चढली. लेकीने सरकून जागा दिली नाही. ती समोरच्या बाकावर बसली. गाडी हलली. वाटेत ती दात गेलेल्या तोंडाने शब्द जुळवून पाहू लागली, हळूच, नमाज पाठ करावा तसे. “माझं नाव नाझिफे. ही माझी मुलगी. हिने मला थंडीच्या आधीच सांगितलं होतं. मला कळलं होतं. कळूनही मी हिला तिथेच ठेवलं...”

“आई, एवढं कशाला? ते फक्त इद्रिसचं विचारतील.”

“विचारोत. मी सगळं सांगणार.”

पेरिहानने फुटलेला ओठ बाहीने पुसला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

“मग मोठ्याने सांग,” ती म्हणाली. “पुटपुटू नकोस.”

नाझिफेने घसा खाकरला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.