फायनलला किती रिक्षा

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की रिक्षांची शर्यत लावायची, असं बोईसरच्या आमच्या स्टँडनं एकदा ठरवलं. मी तेव्हा रिक्षा चालवायचो. मैदान अंडरआर्म क्रिकेटपुरतं. त्यावर फक्कीनं गोल रिंगण आखलं. आधी तीन-तीन रिक्षा सोडल्या, ते सुरळीत झालं. वाद पडला फायनलला.

स्टँडचे अध्यक्ष म्हणाले, "फायनलला सहाच सुटतील. एवढ्याशा जागेत जास्त मावायच्या नाहीत."

"मंग आमी गाडीला हार घातले ते कशाला?" हरलेल्यांतला एक म्हणाला.

त्याच्या शेजारचा, बिहारचा, शांतपणे म्हणाला, "फाइनल में तो हम भी रहेंगे, अध्यक्षजी."

सहाच्या आठ झाल्या, आठाच्या बारा. अध्यक्षांनाही उद्या याच लोकांच्या रांगेत उभं राहायचं होतं. शेवटी ते म्हणाले, "सुटा सगळे."

सुटलो. दुसऱ्या फेरीतच सगळ्यात पुढची रिक्षा सगळ्यात मागच्या रिक्षेला जाऊन टेकली आणि रिंगण भरलं. कुणाला पुढं सरकता येईना. पहिला कोण हे पंचांना सांगता येईना. जो तो म्हणे, "मी पुढं हाय." खोटंही नव्हतं, प्रत्येकाच्या मागं कुणीतरी होतंच.

एवढ्यात मुरबे गावची एक मावशी मासळी विकून, रिकामी टोपली घेऊन मैदानात आली. रांग बघून तिला स्टँडच वाटला.

"पयला नंबर कुनाचा?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी हात वर केले. ती वैतागली आणि समोर होती त्या माझ्या रिक्षेत बसली. "चल बाबा ठेसनावर."

"मावशी, शर्यत चाललीय."

"चाललीय कुठं? उभेच तर हायत सगळे."

बसलेलं भाडं उतरवायचं नाही, हा स्टँडचा नियम. मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी मानेनंच जा म्हटलं. मी हँडल वळवून बाहेर पडलो.

परत आलो तर निकाल लागलेला. मी गेल्यानं रिंगणात जागा पडली होती. माझ्या मागं होता त्याच्या पुढं आता कुणी नव्हतं, म्हणून तो पहिला. माझ्या पुढं होता त्याच्या मागं कुणी नव्हतं, म्हणून तो शेवटचा. मी विचारलं, "आणि मी?"

"तू भाड्यावर होतास," अध्यक्ष म्हणाले.

शेवटचा आलेला माझा शेजारीच. दिवाळीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मग फराळाचं ताट घेऊन आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "मावशीला माझ्या पुढच्याकडं धाडली असतीस, तर तुझं काय गेलं असतं?"