गुण जुळले म्हणून नकार

सातारा जिल्ह्यात फौजी घरटी एक सापडेल. पण प्रेमकादंबरीतल्या दोघांचं फार लवकर जमलं म्हणून चिडून दुपारचं जेवण सोडणारा फौजी साऱ्या मुलखात एकच, आणि तो माझा थोरला साडू. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस रस्त्यानं चालला की गल्लीतली कुत्री डाव्या बाजूनं चालायला लागतात. मात्र एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या टपरीत नवी प्रेमकथा आली, की टपरीवाला पहिला फोन यांना करतो. वाचायची पद्धतही लष्करी. पहाटे पाचला दाढी, इस्त्रीचा सदरा, पायात बूट, आणि मग पहिलं पान. लुंगीवर प्रेमकथा वाचणं त्यांना नायिकेचा अपमान वाटतो.

अट एकच, नायक-नायिका एकमेकांच्या पक्के उलट असले पाहिजेत. तो तिरसट तर ती हसरी. तो साखर कारखान्याचा संचालक तर ती त्याच कारखान्यावर मोर्चा नेणारी. एकदा टपरीवाल्यानं चुकून दोन समजूतदार शिक्षकांची प्रेमकथा दिली. सुभेदार ती परत करायला भर उन्हात चालत गेले. मला म्हणाले, "साडू, दोघं सारखीच असली तर तिसऱ्या पानावर लगीन लागतंय. मग म्होरली दोनशे पानं काय त्यांची किराणा मालाची यादी वाचायची?"

माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, होती तोवर त्यांना पुस्तकांची गरज नव्हती. हे मुके, ती आकाशवाणी. यांनी घड्याळ पाच मिनिटं पुढं लावावं, तिनं दहा मिनिटं मागं. नोकरीच्या काळात भांडायला वर्षातून दोन महिन्यांची रजाच काय ती मिळायची, त्यामुळे निवृत्तीनंतर दोघं अनुशेष भरून काढत होती. चार वर्षांपूर्वी ती गेली, आणि त्यानंतर महिन्याभरात ही कादंबऱ्यांची सवय लागली.

इथवर कुणाची हरकत नव्हती. पण हाच नियम त्यांनी एकुलत्या एका मुलीच्या, रेखाच्या लग्नाला लावला. लोक पत्रिका जुळवतात, हे न जुळणारी शोधत बसले. म्हसवडचं एक चांगलं स्थळ बत्तीस गुण जुळतात म्हणून नाकारलं. मुलाच्या वडिलांनी हे कारण लेखी मागितलं. नुसतं सांगून भावकीतलं कुणी विश्वास ठेवेना.

रेखा नोकरीसाठी सांगलीला आमच्याकडे राहायची. ऑफिसात समोरच्या टेबलावर आष्ट्याचा महेश होता. दोघं तीन वर्षं प्रेमात होती, आणि इतकी अबोल, की त्यातलं पहिलं वर्ष त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दोघंही कडक उन्हाळ्यात छत्री बाळगणारी, दोघंही पेनाला टोपण लावल्याशिवाय जागेवरून न उठणारी. "काका, आबा हो म्हणायचे नाहीत, आणि त्यांना दुखावून मी लग्न करायची नाही," असं रेखा मला एका दमात म्हणाली. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत मोठं भाषण असावं.

मग मी सूत्रं हातात घेतली. बघण्याच्या कार्यक्रमात महेशनं बेफिकीर व्हायचं असं ठरवलं. तासभर उशिरा यायचं, पायावर पाय टाकून बसायचं, मोठ्यानं हसायचं.

साताऱ्यात अकराला कार्यक्रम. आई-वडील वेळेवर आले, महेश बाराला उगवला. "घड्याळ बघत नाही मी. फार बेफिकीर आहे," त्यानं पाठांतर म्हणून दाखवलं, हसायचं राहिलंय हे आठवून हसला, आणि पोह्यांच्या बशीखाली सांडलेला एक शेंगदाणा उचलून खिशात ठेवला.

सुभेदारांनी पोहे संपवले. "पावणं, सकाळी साडेनवाला मी स्टँडवर पुस्तक आणाय गेलतो. बाकड्यावर मांडीवर पिशवी घिऊन मिनिटामिनिटाला घड्याळ बघणारं पोरगं कोण हुतं?"

"मीच," महेश म्हणाला, आणि उभा राहिला.

"साडू, ही तर आमच्या रेखीची कार्बन कापी हाय."

"आवं, पण दोघांचं पटतंय," मी म्हणालो.

"पटंल की. पर दोघंबी गप. घरात आवाज कुणी करायचा? ह्या घरात चार वर्सं मी काय ऐकतोय, तुमास्नी म्हाईत न्हाई."

तेवढ्यात रेखा स्वयंपाकघरातून बाहेर आली, ती थेट महेशवरच.

"तुला सांगितलं होतं, खोटं बोलू नकोस."

"तुझ्यासाठीच बोललो."

"मी बोल म्हणाले होते का?"

"तू कधी काही म्हणतेस का? तीन वर्षं मीच ओळखत बसायचं."

"मग चुकीचं ओळखत होतास."

"एकदा तरी चूक म्हणून सांगायचं मग."

आवाज चढत गेले. महेशची आई मधे पडायला उठली, तर सुभेदारांनी तिला हातानं थांबवलं. "वैनी, मधी बोलू नगा." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. पाच-सात मिनिटांनी दोघं दमून गप्प झाली, तेव्हा ते म्हणाले, "तारीख काढा."

त्याला आता वर्ष झालं. दर रविवारी सकाळी सुभेदार सांगलीला फोन लावतात आणि या आठवड्यात कशावरून भांडलात, तेवढंच विचारतात. बहुतेकदा भांडण झालेलंच नसतं. मग काय सांगायचं यावरून दोघांची फोनवरच जुंपते. परवाच्या रविवारी मी साताऱ्यात त्यांच्यासमोर बसलो होतो. पलीकडे खिडकी उघडी ठेवावी की लावावी असा वाद पेटला होता, आणि फोन चालू आहे हे दोघंही विसरून गेली होती. सुभेदारांनी फोनचा आवाज वाढवला, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

माझ्या बसची वेळ झाली होती. मी निघतो म्हणालो, तर त्यांनी न बघताच माझा हात धरून मला खाली बसवलं.

"गप बसा, साडू," ते हळूच म्हणाले. "घरात माणसं बोलत्यात."