याकूबभाई आणि लाल हेल्मेटवाले

दर सोमवारी सकाळी याकूबभाई मोठ्या साहेबाच्या बंगल्यातला एसी साफ करायचे आणि तिथून थेट माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहायचे. हातात ओला फिल्टर, मिशीवर धूळ. इकडेतिकडे बघून हळूच म्हणायचे, "आज गार आहे." मग मी खणातले रजेचे अर्ज काढून साहेबाच्या खोलीत न्यायचो. "कॉम्प्रेसर तापलाय" असं म्हणाले, की अर्ज परत खणात. जेद्दातल्या त्या कंपनीत रजेची फाईल माझ्याकडे होती. दोनशे माणसांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि ते कपाट उघडायचं ते एका अमेरिकन साहेबाच्या सहीने.

साहेबाचा सगळा जीव त्याच्या गावाकडच्या फुटबॉल टीमवर. हा फुटबॉल आपला नव्हे हं. लाल हेल्मेट घातलेले रेडे एकमेकांवर आदळतात, चेंडू लांबुळका, आणि पाय त्याला लागलाच तर कधीमधी. सामने तिकडे रविवारी, त्यामुळे हारजीत आमच्या बोकांडी सोमवारी.

याकूबभाई हर्णैचे. वय पंचावन्नच्या घरात, इंग्रजी यथातथाच, पण त्या टीमचं वेळापत्रक तोंडपाठ. कँपातल्या आमच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी ते चिकटवलंच होतं. रत्नागिरीचे, सांगलीचे, केरळचे, सगळे त्यांच्याकडे विचारायला यायचे. "याकूबभाई, बहिणीचं लग्न आहे, अर्ज कधी टाकू?" याकूबभाई चष्मा कपाळावर चढवून भिंतीकडे बघायचे. "पुढच्या रविवारी समोर अगदीच फडतूस टीम आहे. टाक बिनधास्त." आणि सही व्हायची! एकदाही चुकल्याचं मला आठवत नाही. फार पूर्वी म्हणे एका वेल्डरचा अर्ज साहेबाने हरल्याच्या दिवशी फेकून दिला होता. तो वेल्डर कोण, कुठला, हे मात्र कोणालाच सांगता येत नसे.

त्या वर्षी टीमने पहिले दोन सामने जिंकले. याकूबभाई खुशीत. आणि त्याच आठवड्यात हर्णैहून निरोप आला, की त्यांच्या आई, अम्मा, अंगणात पडल्या, खुबा मोडला, वय झाल्यामुळे डॉक्टर ऑपरेशनला तयार नाहीत. मी लगेच अर्ज लिहून दिला. याकूबभाईंनी सही केली आणि म्हणाले, "खणात ठेव. सोमवारी नेऊ. दोन जिंकलेत, तिसरापण घेतील."

तिसरा हरले. चौथाही हरले.

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही दोघं शराफियाला जायचो. तिथल्या टेलिफोनच्या दुकानात याकूबभाई काचेच्या केबिनमध्ये शिरायचे आणि मी बाहेर चहा घेऊन उभा. बाहेर आले, की चेहऱ्यावरूनच कळायचं. "भावजय म्हणते, अम्मा भात खात नाही. पेजच घेते, तीपण दोन चमचे. सारखं विचारते, याकूब निघाला का?" मग बसमध्ये बोटं मोडत बसायचे. एकदा मी म्हटलं, "याकूबभाई, असाच नेऊ का अर्ज?" तर माझ्या अंगावरच आले. "वेडा आहेस का? एकदा नाही म्हणाला तर खलास. पुन्हा कोण विचारणार त्याला?"

पाचव्या आठवड्यात टीमला सुट्टी होती, सामनाच नाही. मला वाटलं, सुटलो. पण याकूबभाई फिल्टर हातात धरून विचारात पडले. "गार नाही, गरम नाही. असं बंद पडलेलं मशीन सगळ्यात वाईट. त्याला हात लावायचा नसतो." मी मान डोलावली. खरंच डोलावली, आज लाज वाटते.

सहाव्या आठवड्यातला सामनाही गेला. पुढच्या शुक्रवारी याकूबभाई केबिनमधून बाहेर आले ते भिंतीला टेकूनच उभे राहिले. फोनवर अम्मा स्वतः आल्या होत्या. कोणीतरी रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला होता. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. याकूबभाईंनी डोळे पुसले. "म्हणाली, याकूब, तुझा साहेब फार कडक आहे का रे बाबा? तुला मारतो का?"

त्या रविवारचा सामना टीम शेवटच्या मिनिटाला हरली. सोमवारी याकूबभाई माझ्यापुढे उभे राहिले, "कॉम्प्रेसर..." म्हणाले आणि ओला फिल्टर तसाच माझ्या टेबलावर ठेवला. मी उठलो, खणातून एकच अर्ज काढला आणि आत गेलो. साहेब हनुवटीला हात लावून बसला होता, डोळे लालभडक. त्याने अर्ज वाचला, सही केली आणि विचारलं, "त्याची आई आजारी कधीपासून आहे?"

"पाच आठवडे."

"पाच आठवडे? मग हा माणूस वाट कशाची बघत होता?"

काय सांगणार कपाळ! "काम फार होतं" असं काहीतरी पुटपुटून मी बाहेर आलो. याकूबभाईंनी कागद दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ सहीकडे बघितलं. आनंद नाहीच. "हरल्यावर दिली?" एवढंच म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. हरल्याच्या दिवशी आमच्यापैकी कोणी कधी अर्ज नेलाच नव्हता. मग तो देत नाही, हे ठरवलं कोणी?

चौथ्या दिवशी ते विमानात बसले. महिन्याने परत आले तेव्हा दाढी पांढरी झाली होती. संध्याकाळी कँपच्या पायरीवर आम्ही बसलो होतो. "अम्माजवळ तीन दिवस मिळाले," ते म्हणाले. "ओळखलंन मला. तेव्हाच निघालो असतो तर अडतीस मिळाले असते. अम्मा तिथे डोळे लावून पडली होती आणि मी इथे त्या लाल हेल्मेटवाल्यांना विचारत बसलो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अर्ज तर तुझ्याच खणात होता ना रे. तू तरी एकदा नेऊन बघायचास."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांचा अर्ज खणात पडून होता तेव्हा पुढच्याच महिन्यात मला माझ्या स्वतःच्या रजेचा अर्ज घेऊन त्याच साहेबापुढे जायचं होतं, आणि त्याआधी त्याचा राग ओढवून घ्यायची माझी छाती नव्हती. हे मी त्यांना त्या संध्याकाळी सांगितलं नाही. वर्षभराने ते कायमचे हर्णैला निघाले, मी विमानतळापर्यंत त्यांची बॅग उचलून नेली, आणि तेव्हाही सांगितलं नाही.