खंडेनवमीची रॅम

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो बायकोसाठी, पण त्याच्यावर हुकमत माझी, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

ही शाळेत मराठी शिकवायची. सहामाहीचे पेपर तोवर एक ज्येष्ठ बाई प्रती काढायच्या स्टेन्सिलवर हातानं लिहायच्या. अक्षर असं, की नापास होणाऱ्यालाही पेपर बघून बरं वाटावं. त्या वर्षी हिनं शिक्षकांच्या सभेत उठून सांगितलं, पाचवी ते सातवीचे सगळे पेपर मी कॉम्प्युटरवर टाईप करून आणते. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आणा की. फक्त ऐनवेळी माझ्याकडं पळत येऊ नका." हिनं ते मनाला लावून घेतलं. दसऱ्याच्या सुट्टीत टायपिंग उरकायचं आणि सोमवारी फ्लॉपी मुख्याध्यापकांच्या हातात द्यायची, असं ठरलं.

आमचं मशीन मराठी फॉन्ट उघडताना जरा विचारात पडायचं. मी म्हटलं, रॅम वाढवू. रॅम म्हणजे काय, हे राजारामपुरीतल्या दुकानदारानं मला समजावलं होतं. "पावणं, टेबल मोठं केलं की जास्त कागद पसरता येत्यात. तसंच हे." एवढ्या विद्येवर मी खंडेनवमीच्या सकाळी ती हिरवी पट्टी घरी आणली.

"तो माणूस येऊन बसवतो म्हणाला होता ना?" हिनं विचारलं.

"पट्टी तर आहे. खाचेत दाबायची."

आणि खरंच, टक् आवाज होऊन ती बसली. माझ्या हातून जे नीट झालं ते एवढंच, म्हणून नोंदवून ठेवतो.

मी झाकण लावणार तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली. विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर हे सगळं पुजून झालं होतं. मी म्हटलं, "थांब, झाकण लावतो, मग पेटीला हळद-कुंकू लाव."

"पेटीला लावून काय उपेग? नवी वस्तू आत हाय की!"

तिचा हात आतपर्यंत पोचेना, म्हणून मान मला मिळाला. विजेच्या वस्तूला ओलं कुंकू लावण्याइतका मी अडाणी नव्हतो. चिमूटभर कोरड्या अक्षता आणि दोऱ्यासकट एक झेंडू, एवढंच वरून वाहिलं. "फूल उद्या दसरा झाल्यावर काढ," आई म्हणाली. मी व्हय म्हटलं, झाकण लावून स्क्रू आवळले आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना सोनं वाटायला गेलो तेव्हा रॅम स्वतः बसवल्याचंही सांगत सुटलो.

दसऱ्याच्या संध्याकाळी ही टायपिंगला बसली. पहिली दहा मिनिटं मशीन पळालं. मग ही 'क' दाबायची आणि तो पडद्यावर उमटेपर्यंत पदर नीट करून घ्यायची.

"टेबल मोठं झालंय ना?" ही म्हणाली. "मग हा कॉम्प्युटर कागद शोधत बसलाय का?"

मी कामाला लागलो. पडद्यावरचं धबधब्याचं चित्र काढलं. पत्त्यांचा खेळ उडवला. अँटीव्हायरस दोनदा फिरवला, त्याला काही सापडलं नाही, आणि ते शोधायला त्यानं अर्धा दिवस घेतला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "रॅम चांगली हाय वो, तुमचं विंडोज खराब झालं असंल." मी पट्टी चुकीची बसली असावी म्हणून, ती न काढताच, फक्त झाकणावर दोन थापा मारून पाहिल्या. रॅम वाढवली तर वेग कमी का व्हावा, हे मला कळेना. कमी केली तर वाढेल का, असाही विचार मनात येऊन गेला.

हिनं मात्र एक गोष्ट हेरली. बंद करून तासभर ठेवलं की ते पुन्हा दहा मिनिटं चालायचं. "तुमच्यासारखंच आहे," ती म्हणाली आणि दहा-दहा मिनिटांनी पेपर ओढायला लागली. शनिवारी दुपारपर्यंत पाचवीचे संपले. सहावी, सातवी बाकी. तिच्या पर्समध्ये कोऱ्या स्टेन्सिलची गुंडाळी मला दिसली. त्या बाईंकडं जायची तयारी.

रविवारी सकाळी ती टाईप करत असताना आई बाहेरच्या सोप्यातून म्हणाली, "आज घरात कसा देवळावानी वास येतोय."

हिचे हात थांबले. तिनं नाक पेटीजवळ नेलं, मग माझ्याकडं बघितलं. "झेंडू कुठं टाकला होता तुम्ही?"

झाकण उघडलं. मशीन गार ठेवणाऱ्या मधल्या पंख्याच्या पात्यांभोवती दोरा गच्च गुंडाळला होता, पाकळ्या करपून काळ्या झाल्या होत्या आणि अक्षता सगळीकडं पसरल्या होत्या. पंखा जागचा हलत नव्हता. बिचारं मशीन चार दिवस तापत, धापा टाकत पेपर काढत होतं. हिनं प्लग काढला, भुवयांचा चिमटा आणला आणि दोरा सोडवत बसली.

"जळलं न्हाय बघ," आई वाकून बघत म्हणाली. "पूजा केलती म्हणून."

चालू केल्यावर पंखा भुर्रकन फिरला आणि उरलेली एक अक्षता उडून माझ्या चष्म्यावर आपटली. ही 'क' दाबायची आणि तो लगेच उमटायचा. मी चहा करून आणला. तिनं न बघता कप घेतला, दुसऱ्या हातानं पर्समधली स्टेन्सिलची गुंडाळी काढून माझ्याकडं दिली.

"ही शाळेच्या कपाटात परत ठेवायचीय. उद्या आठवण करा." मग जरा थांबून म्हणाली, "नको, तुम्ही नको. मीच लक्षात ठेवते."